नाव सांगू नका, कागद दाखवा

सह्याद्रीत शनिवार-रविवार गाड्या चिखलात घालणाऱ्यांना टायरबद्दल सगळं कळतं. लग किती खोल, साइडवॉल किती प्लायची, कुठल्या चढाला हवा किती सोडायची, विंचला स्टीलची वायर बरी की सिंथेटिक दोर. रात्री दोनला उठवून विचारा, झोपेत बरोबर उत्तर देतील. याच माणसाला विचारा, "तुझ्या डोक्यावर जो पाइप आहे, तो कशाचा?" उत्तर येतं, "हेवी आहे." कशाचा पण? "हेवी." जाडी? "चांगला जाड आहे हो. गॅरेजवाल्याने हातोडा मारून दाखवला ना!"

हातोड्याने कुठलाही पाइप वाजतो. झेंड्याचा वाजतो, गॅलरीच्या कठड्याचा वाजतो, मंडपाचा तर फारच छान वाजतो. त्या आवाजावर विश्वास ठेवून माणसं मुलाबाळांना मागच्या सीटवर बसवतात आणि दगडांवर गाडी चढवतात.

मी भोसरीत नळ्या कापून, वाकवून, जोडून पोट भरतो. त्यातल्या काही रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पिंजऱ्याच्या, असतात. त्यामुळे हौशी मंडळी दुसरीकडे बसवलेला पिंजरा दाखवायला येतात आणि विचारतात, "कसा झालाय?" त्यांना "एक नंबर" एवढंच ऐकायचं असतं. मी व्हर्नियर काढतो, म्हणून खडूस ठरतो. ठरू द्या. पण एक सांगतो: माझ्यासमोर येणाऱ्या पिंजऱ्यांपैकी ज्यांची नळी कुणीतरी विचार करून निवडली आहे, असे फार थोडे. बाकीच्यांत दुकानात जी होती ती घेतली, किंवा जी चकाकत होती ती घेतली, किंवा जिचं नाव व्हिडिओत ऐकलं होतं ती मागितली आणि दुकानदाराने त्या नावाने दुसरीच दिली.

गाडी उलटते म्हणजे काय होतं, ते आधी बघू. ताम्हिणीच्या बाजूला एखाद्या उतारावर एक चाक दगडावर चढतं, समोरचं ओल्या मातीत खचतं आणि दीड टनाची गाडी अगदी सावकाश कुशीवर जाते, तिथून टपावर. वेग चालत्या माणसाएवढा. पण सगळं वजन एका कोपऱ्यावर येतं आणि नेमकं त्याच कोपऱ्याखाली कुणाचं तरी डोकं असतं. त्या वेळी पिंजऱ्याने आकार सोडायचा नाही. सोडावाच लागला तर वाकत वाकत, ऊर्जा खात सोडायचा. काडकन तुटायचं नाही, जोडापाशी उकलायचं नाही. म्हणजे नळीच्या पोलादात ताकद हवी आणि तन्यताही हवी. कडक, कडक म्हणत जे पोलाद विकलं जातं, ते इथे उपयोगाचं असेलच असं नाही.

आता बाजारात चला. "रोल केजला पाइप पाहिजे" म्हटलं की शेठ निळा पट्टा मारलेला पाइप पुढे करतात. "बी क्लास आहे साहेब, बुलडोझर चालवा वरून." पिवळा पट्टा ए, निळा बी, लाल सी. हे पट्टे आयएस १२३९ या भारतीय मानकातले आणि ते मानक पाणी, हवा, वाफ वाहून नेणाऱ्या नळ्यांचं आहे. तुमच्या सोसायटीच्या टाकीला जो पाइप चढलाय, तोच हा. किमान तन्य बळ मागितलंय ३२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जाडीत दहा टक्क्यांपर्यंत कमी चालतं, कारण पाण्याला त्याचं काही वाटत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. व्हिडिओत अमेरिकन माणूस दीड इंची ट्यूब म्हणतो, तेव्हा तो बाहेरचा व्यास सांगत असतो, ३८ मि.मी. आपला शेठ दीड इंची पाइप म्हणतो, तेव्हा तो आतल्या नाममात्र मापाबद्दल बोलत असतो. बाहेरून तोच पाइप ४८.३ मि.मी. भरतो. गिऱ्हाईक दीड इंच मागतं, दीड इंच मिळतं, दोघेही खूश. दहा मि.मी. कुठून आले, हे कुणी विचारत नाही.

पाण्याचा पाइप कच्चा असतो म्हणून नाक मुरडणारेही तितकेच अर्धवट, हेही सांगून टाकतो. दीड इंची बी क्लास ४८.३ बाय ३.२ चा असतो. वाकण्याला तो चांगला विरोध करतो; नुसतं गणित केलं तर स्पर्धेच्या नळीपेक्षा जास्तच. मग त्यात वाईट काय? एक, तो कशाचा बनलाय हे कुणालाच माहीत नाही. आज आलेल्या लॉटमध्ये एक पोलाद, दिवाळीनंतरच्या लॉटमध्ये दुसरं, आणि दोन्ही मानकात पास, कारण मानकाचा मुख्य प्रश्न गळतो की नाही हाच. दोन, तो मीटरला ३.५६ किलो भरतो. हे वजन सगळं खांद्याच्या वर जाणार. गाडीचा गुरुत्वमध्य वर ढकलला की ती आधी जिथे उलटत नव्हती तिथेही उलटणार. उलटल्यावर वाचवायला बसवलेला पिंजरा गाडी उलटायलाच मदत करतो. आणि जी.आय. घेतला असेल, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, तर त्यावर वेल्डिंग करणाऱ्याचे हाल वेगळेच. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास जावं लागतं. म्हणजे जोड बसायच्या आधीच जस्ताची वाफ होते, ती वेल्डमध्ये बुडबुडे सोडते आणि वेल्डरच्या छातीत जाते. रात्री त्या पोराला थंडी वाजून ताप भरतो. मालकाला ते "व्हायरल" वाटतं.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी घ्या. यांना गंजायला नको, चकाकायला हवं. म्हणून स्टेनलेसची नळी. दुकानदार चुंबक लावून दाखवतो: "बघा साहेब, चिकटत नाही, ३०४ आहे." चुंबक २०२ या स्वस्त ग्रेडलाही चिकटत नाही. ही चाचणी करणारा आणि त्यावर मान डोलावणारा, दोघांनाही शंभर पैकी शून्य. आणि खरा घोटाळा ग्रेडमध्ये नाहीच. कठड्याची दोन इंची स्टेनलेस नळी बहुतेक वेळा १८ गेजची असते, म्हणजे सव्वा मि.मी.च्याही आत. ५१ मि.मी. व्यासाला १.२ मि.मी. भिंत. अशी नळी आधी चेपते आणि मग चेपलेल्या जागी घडी पडून दुमडते. पोलाद किती का चांगलं असेना, भिंत इतकी पातळ झाल्यावर ते त्याची ताकद दाखवायला उभंच राहत नाही. त्यात हा पाइप गाडीच्या साध्या पोलादाच्या पायांना साध्या पोलादासाठीचाच ६०१३ चा रॉड मारून चिकटवलेला. तो आरशासारखा चकाकतो, एवढी एकच गोष्ट त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येते.

मग नळी हवी तरी कशी? एफआयए ही मोटरक्रीडेची जागतिक संघटना. तिच्या नियमावलीतल्या 'जे' परिशिष्टाच्या कलम २५३ मध्ये साध्या, स्वतः बनवलेल्या पिंजऱ्याच्या नळीचा विषय एका छोट्या तक्त्यात मिटवलाय. पोलाद कोल्ड ड्रॉन सीमलेस, बिनमिश्र, कार्बन जास्तीत जास्त ०.३ टक्के. तन्य बळ किमान ३५०. मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २. बाकीच्या नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. झालं. त्यात ब्रँड नाही, "एअरक्राफ्ट ग्रेड" नाही, "मिलिटरी" नाही, "जर्मन" तर नाहीच नाही. ३५० हा पोलादाच्या दुनियेत काही पैलवान आकडा नव्हे. साधं, कमी कार्बनचं, वाकणारं, कुठल्याही बऱ्या वेल्डरला जमेल असं पोलाद. नियम लिहिणाऱ्यांनी उलटलेल्या गाड्यांकडे बघून हे ठरवलंय, जाहिरातीकडे बघून नव्हे.

थोडं गणित करू, पळू नका. जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. व्यास तोच ठेवून जाडी वाढवली तर जेमतेम जाडीच्या प्रमाणात. म्हणून एफआयएचे ते दोन पर्याय शेजारी ठेवून बघा. ४५ बाय २.५ ची नळी मीटरला २.६२ किलो. ५० बाय २ ची २.३७ किलो. हलकी नळी कमजोर असणार, असं गल्लीतल्या कुठल्याही जाणकाराला वाटेल. प्रत्यक्षात ती हलकी नळी जवळजवळ पंधरा टक्के जास्त ताठ आहे. समजा पिंजऱ्याला २५ मीटर नळी लागली. पाण्याच्या बी क्लासमध्ये ८९ किलो, ५० बाय २ मध्ये ५९. तीस किलोचा फरक, म्हणजे तुम्ही एक शाळकरी पोर कायमचं टपावर बसवून फिरताय. "जाड घ्या, जाड घ्या" म्हणणाऱ्याने हा हिशोब एकदा तरी करायला हवा होता. अर्थात भिंत पातळ करत न्यायलाही मर्यादा आहे, ती वर कठड्याच्या नळीत बघितलीच.

आणि आता क्रोमोली. हा शब्द उच्चारताना लोकांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मला सत्यनारायणाच्या पूजेतही दिसलेलं नाही. "आपण फोर्टी-वन थर्टीच वापरतो." ४१३० म्हणजे सुमारे ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि पाव टक्क्याच्या आत मॉलिब्डेनम असलेलं पोलाद. चांगलं पोलाद आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लोकांना वाटतं क्रोमोली वजनाला हलकं असतं. अजिबात नाही, घनता तीच. लोकांना वाटतं ते जास्त ताठ असतं. तेही नाही. स्थितिस्थापकता गुणांक साध्या पोलादाचाही सुमारे २०५ गिगापास्कल आणि क्रोमोलीचाही तेवढाच. त्याच मापाच्या दोन नळ्या, एक साधी आणि एक क्रोमोलीची, तेवढ्याच वजनाखाली तेवढ्याच वाकतील. फरक पडतो तो कायमचं वाकणं कधी सुरू होतं यात. तिथे क्रोमोली उशिरा हार मानतं. आता यांचा उद्योग असा की क्रोमोली घेतलं म्हणून भिंत अडीचवरून दीडवर आणायची, वजन वाचवलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि ताठपणाही पस्तीस टक्क्यांच्या आसपास घालवून बसायचा. वर, ते पोलाद वेल्डच्या शेजारी कडक आणि ठिसूळ व्हायची शक्यता जास्त. त्याला नीट फिट बसवलेला जोड, योग्य फिलर वायर, आर्गन आणि ज्याचा हात स्थिर आहे असा माणूस लागतो. आपल्याकडे त्याला रॉड मारतात, लाल असतानाच पाणी ओततात आणि "थंड झालं, चला पुढचा" म्हणतात. आणि गंमत म्हणजे कलम २५३ च्या त्या साध्या तक्त्यात क्रोमोली बसतच नाही. तिथे बिनमिश्र पोलाद मागितलंय. दुसरं काही वापरायचं तर त्या पिंजऱ्याची वेगळी मान्यता घ्यावी लागते. पण जगातल्या सगळ्या नियमांहून आपल्या ग्रुपमधल्या दादांचा अनुभव मोठा.

क्रोमोली कुठे शोभतं ते बघायचं असेल तर कॉलेजच्या पोरांकडे जा. बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून चालते आणि पीथमपूरच्या धुळीत पुण्या-नाशिकची किती कॉलेजं बग्ग्या घेऊन उतरली असतील, त्याची मोजदाद नाही. त्यांचा नियम सांगतो: मुख्य नळी २५ मि.मी. व्यासाची, ३ मि.मी. जाड, कार्बन किमान ०.१८ टक्के. दुसरी वापरायची असेल तर वाकण्यातला ताठपणा आणि ताकद, दोन्ही याहून कमी नाहीत हे कागदावर सिद्ध करा. आणि ताठपणा काढताना सगळ्या पोलादांना २०५ हाच आकडा धरा. पोरं बसतात, आकडेमोड करतात आणि २९.२ बाय १.६५ ची ४१३० निवडतात. ताठपणा थोडा जास्तच मिळतो. भिंत पातळ झाल्याने ताकदीत जी तूट येते, ती क्रोमोली भरून काढतं. वजन मीटरला १.६३ वरून १.१२ किलोवर येतं. ही झाली निवड. शिवाय नळीत साडेचार मि.मी.चं भोक पाडून ठेवायचं, म्हणजे तपासणाऱ्याला भिंत मोजता येते. एकोणीस-वीस वर्षांची पोरं स्वतःच्या नळीला भोक पाडून "मोजा" म्हणतात, आणि पस्तीस लाखांची गाडी घेऊन येणाऱ्या गृहस्थांना मी म्हटलं की मागच्या नळीला एक बारीक भोक पाडून बघू, तर ते म्हणतात, "पावडर कोटिंग खराब होईल."

मला सगळ्यात जास्त चीड येते ती एका गोष्टीची. सीमलेस नळी मिळत नाही, परदेशातून मागवावी लागते, असं हे गॅरेजवाले बिनदिक्कत सांगतात. अहो, नगरला आणि बारामतीला सीमलेस नळ्या बनतात. रायगडात नागोठण्याजवळ बनतात. पुण्यापासून अडीच-तीन तासांच्या आत जे जगभर जातं, ते तुम्हाला मिळत नाही? कारखाना तुम्हाला सुटे चार नग देणार नाही, हे खरं. पण भोसरी-चाकणच्या व्यापाऱ्यांकडे कोल्ड ड्रॉन सीमलेसच्या नळ्या पडलेल्या असतात. ऑटोचे सुटे भाग बनवणारे रोज घेतात. गाड्यांसाठीच्या नळ्यांचं वेगळं भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस ३०७४. अगदीच सीमलेस नाही तर सीईडब्ल्यू घ्या, म्हणजे वेल्ड केलेली नळी नंतर थंड ओढून काढलेली. परदेशात डीओएम म्हणून जिचं कौतुक होतं, ती याच जातीची; तिला सीमलेस समजणारे विद्वान इथेही आहेत आणि तिथेही. स्पर्धेत उतरायचं नसेल तर तिच्यावर माझा आक्षेप नाही. तिला कागद असतो, आणि माझ्यासाठी सगळा प्रश्न त्या कागदाचा आहे. मिलची टीसी, टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर हीट नंबर, कार्बन किती, मँगनीज किती, कुठल्या ताणाला कायमची वाकली, कुठल्या ताणाला तुटली, तुटेपर्यंत किती टक्के लांबली. हा शेवटचा आकडा तन्यतेचा, आणि तो कुणीच वाचत नाही. कागदावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळतो का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

पण चांगली नळी आणली की काम झालं, हा समज त्याहून घातक. गेल्या पावसाळ्यात एक जुनी जिप्सी माझ्याकडे आली. मुळशीकडे एका ओढ्याच्या काठावरून लोळली होती. आतले लोक खरचटण्यावर वाचले, हे नशीब. नळी ३८ बाय २.५, सीमलेस, मालकाकडे चक्क टीसी. मला आनंद झाला आणि मग मी वाक बघितला. विंडस्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात नळी चरकातून निघालेल्या उसासारखी झाली होती. व्हर्नियर लावला: एका बाजूने ४२, दुसऱ्या बाजूने ३३. एफआयएला लहान आणि मोठ्या व्यासाचं गुणोत्तर किमान ०.९ लागतं, इथे ०.७९. नळी अपघाताने चपटी झाली असेल असं मालकाचं म्हणणं. पण शेजारचा, ज्याला जमीन लागलेलीच नव्हती तो वाकही तसाच. कारण सोपं होतं. बनवणाऱ्याकडे प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर. त्याचे साचे पाण्याच्या पाइपांच्या मापाचे. सव्वा इंची साचा ४२.४ मि.मी.चा. त्यात ३८ ची नळी घातली की दोन्ही बाजूंना जागा मोकळी, मग नळी पसरत जाऊन ती जागा भरते. आतल्या बाजूला बारीक सुरकुती पडली होती, बोटाने लागत होती. लोळल्यावर नळी नेमकी त्या सुरकुतीत दुमडली. उत्तम पोलाद, खरा कागद, आणि कोपऱ्यात कोपरासारखी घडी. ज्या गॅरेजने हे केलं, त्याने मालकाला नळीचं बिल दाखवून पैसे घेतले होते. बेंडरचं बिल कोण मागतं?

म्हणून मी म्हणतो, नळी निवडताना तुमच्या वाकवणाऱ्याकडे कुठल्या मापाची डाय आहे ते आधी विचारा. ३८ ची डाय असेल तर ३८ ची नळी. वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. म्हणजे ३८ ला ११४ मि.मी. त्याच्याकडे रोटरी ड्रॉ बेंडर नसेल आणि तो वाळू भरून, गॅसने लाल करून वाकवणार असेल, तर त्याला चहा पाजा आणि निघा. कोल्ड ड्रॉ करून जी ताकद नळीत आणली, ती तो टॉर्चने परत काढून टाकणार आहे.

जोडांबद्दल थोडक्यात. नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर अंगासरशी बसेल असं कापलेलं हवं. फट राहिली की वेल्डर ती रॉडने भरतो आणि मग ग्राइंडरने वेल्ड सपाट करतो, वर लांबी भरतो, वर रंग. सपाट, गुळगुळीत, दिसायला सुरेख जोड दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ग्राइंडरने वेल्डचंच मांस खाल्लेलं असतं. वेल्डचे मणी दिसू द्या. पायांबद्दल आणखी थोडक्यात: पिंजरा फ्लोअरच्या पत्र्यावर नुसता उभा केला तर उलटताना पाय पत्र्यातून खाली जातात आणि छत तुमच्याकडे येतं. खाली ३ मि.मी. जाड, किमान १२० चौरस सें.मी.ची प्लेट हवी, असं तेच कलम २५३ सांगतं. आणि चेसिसवर बॉडी रबराच्या बुशांवर बसलेल्या गाडीत काही पाय चेसिसला नि काही बॉडीला बांधले, तर प्रत्येक खड्ड्यात ती दोन्ही वेगवेगळी हलणार आणि जोड तडकणार.

आता ज्या गोष्टीबद्दल कुणालाच ऐकायचं नसतं ती. हा सगळा खटाटोप हेल्मेट घातलेल्या, चार-सहा पॉइंटांच्या पट्ट्यांनी सीटला जखडलेल्या माणसासाठी आहे. तुम्ही तो पिंजरा लावून लक्ष्मी रोडला साड्या घ्यायला जाता. डोक्यावर केस, तेही विरळ. कानापासून चार बोटांवर पोलादाची उघडी नळी, साधा तीन पॉइंटचा पट्टा. मागून रिक्षाने धक्का दिला तरी डोकं त्या नळीवर. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले ते कंपनीने बनवलेल्या गाडीला. तिच्या आत तुम्ही नंतर ज्या उघड्या नळ्या ठोकल्या, त्यांच्यावर कुणी डमीचं डोकं आपटून बघितलेलं नाही. ते काम तुम्ही स्वतःकडे घेतलंय. डोकं लागू शकेल तिथे नळीला एफआयए मान्यतेचं कडक फोमचं पॅडिंग लागतं. पाइपलाइनला गुंडाळतात तो मऊ काळा फोम बोटाने दाबला तर आतली नळी लागते. डोक्याने दाबला तर काय होईल?

कायदाही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तुमच्या गॅरेजवाल्याने हे सांगितलं? अपघातानंतर विम्याचा माणूस मात्र न विचारता सांगतो.

गोव्यात पावसाळ्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भरते. त्या चिखलात, दोरांवर लटकून, उलट्या होऊन परत उभ्या राहणाऱ्या गाड्या बघायला जरूर जा. पण सेल्फी काढताना एकदा वाकून नळ्यांच्या कोपऱ्यांकडे बघा. वाक गोल आहेत का, वेल्डचे मणी दिसताहेत का, पाय कुठे उतरलेत. तुमच्या गाडीत तसं काही नसेल आणि तुम्ही फक्त रविवारी मावळात भजी खायला जात असाल, तर माझं प्रामाणिक मत असं की पिंजरा बसवूच नका. कंपनीने दिलेली गाडी, सगळ्यांना पट्टे आणि ज्या चढावर पोटात गोळा येतो तिथून मागे फिरायची लाज न वाटणं, एवढं तुम्हाला पुरे आहे.

खरंच बसवायचा असेल तर पैसे देण्याआधी गॅरेजवाल्याकडे टीसी मागा, नळीवरचा हीट नंबर जुळवा, डाय दाखवायला सांगा आणि कापलेल्या तुकड्यावर स्वतःच्या हाताने व्हर्नियर लावा. "आमच्यावर विश्वास नाही का साहेब?" असं उत्तर आलं, तर गाडीची चावी परत घ्या आणि दुसरं गॅरेज शोधा.